‘नाहीं’ म्हणण्याचें व्याकरण

मराठी भाषेपाशीं नकारदर्शक शब्दांची मोठी संपत्ति आहे. परंतु ती आपण रोज खर्च करीत असल्यामुळें तिकडे आपलें लक्ष जात नाहीं. ‘नाहीं’ हा शब्द वस्तूचा अभाव सांगतो किंवा क्रियेचा निषेध करतो. ‘नव्हे’ हा ओळख नाकारतो. ‘नये’ हा वागणुकीस मर्यादा घालतो. आणि ‘नको’ हा बोलणाऱ्याची अनिच्छा उघड करतो. घरांत दूध नाहीं. हें ताक आहे, दूध नव्हे. रात्रीं फार दूध घेऊं नये. मला दूध नको. या चार वाक्यांतील भेद पांच वर्षांच्या पोरासही शिकवावा लागत नाहीं. इंग्रजी किंवा स्पॅनिश शिकूं लागलेल्या मुलांस मात्र असें आढळून येतें कीं, तिकडे हीं बहुतेक कामें एकाच लहानशा निषेधशब्दावर सोपविलेलीं आहेत. बाकीचा भार क्रियापदानें वाहावयाचा.

इतकें भांडवल जवळ असतांनाही आम्हां सुशिक्षित कुटुंबांत खरा नकार देण्याची वेळ आली म्हणजे हे चारही शब्द कोनाड्यांत ठेवले जातात. सांगून आलेलें स्थळ पसंत नसलें तर ‘पत्रिका जुळत नाहीं’ असें कळवितात. पत्रिका जुळत असली तर ‘मुलीचा एवढ्यांत विचार नाहीं’ असें लिहितात. आणि तेंही सांगण्याची सोय नसली तर ‘योग नाहीं’ असें म्हणून सगळें ओझें ग्रहांच्या डोक्यावर देतात. ‘मागाहून कळवितों’ या उत्तराचा अर्थ तर इतका ठरून गेला आहे कीं, तें ऐकतांच शहाणीं माणसें दुसऱ्या स्थळाच्या चौकशीस लागतात. हल्लीं भ्रमणध्वनीवर निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढें आठ दिवस कांहींच येत नाहीं. तोही एक नकारच होय, व त्याचा अर्थ लावण्यास भाष्यकाराची जरूर पडत नाहीं.

या रीतीची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या दोन घरांस एकाच गांवांत, एकाच नातेगोत्यांत आणि एकाच मंगलकार्यांत पुन्हां समोरासमोर यावयाचें असतें, त्यांनीं एकमेकांचा मान राखून बोलावें हें योग्यच आहे. परंतु या आडवळणाच्या भाषेंत एक मोठी उणीव आहे. तींत नकार देणारें घर असतें. जिचें किंवा ज्याचें लग्न व्हावयाचें, त्या व्यक्तीचा ‘नको’ तींत कोठें दिसत नाहीं. पत्रिका नकार देते, योग नकार देतो, काका-मामा नकार देतात; आणि घरांतील मुलगी खालीं मान घालून बसली असली तर मौन म्हणजे संमति, हा नियम तिच्या नांवें लावला जातो. घराला ‘नाहीं’ म्हणतां येतें. तसें तें घरांतल्या माणसाला घरासमोर म्हणतां येतें काय, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे. त्याचा विचार करण्यासाठीं आम्ही वाचकांस प्रथम स्पेन देशांतील एका जुन्या कादंबरीकडे आणि तेथून परत आपल्या मुंबईकडे नेणार आहों.

ती कादंबरी म्हणजे सर्व्हान्टिसची ‘डॉन क्विक्झोट’. स्पॅनिश लोक नायकाच्या नांवाचा उच्चार ‘किहोते’ असा करतात. तिचा पहिला भाग १६०५ सालीं आणि दुसरा १६१५ सालीं प्रसिद्ध झाला. शूर सरदारांच्या अद्भुत कथा रात्रंदिवस वाचून ज्याचें डोकें फिरलें असा एक उतारवयाचा गृहस्थ गंजलेलें चिलखत चढवून हडकुळ्या घोड्यावर बसतो आणि जगांतील अन्याय दूर करावयास निघतो, हें तिचें कथानक सर्वांस ठाऊक आहे. पवनचक्क्यांशीं त्यानें केलेली लढाई तर शाळेंतील मुलांसही माहीत असते. परंतु पहिल्या भागाच्या बाराव्या प्रकरणापासून चौदाव्यापर्यंत आलेली मार्सेला नांवाच्या मुलीची कथा मुलांसाठीं केलेल्या संक्षेपांत बहुधा गाळली जाते. आमच्या मतें त्या ग्रंथांतील विचार करण्याजोग्या भागांत तिची गणना केली पाहिजे.

मार्सेला ही एका श्रीमंत शेतकऱ्याची एकुलती एक मुलगी. तिला जन्म देतांना आई वारली, पाठोपाठ बापही गेला, आणि तिचा सांभाळ तिच्या चुलत्यानें केला. हा चुलता गांवचा धर्मोपाध्याय होता. ती उपवर झाली तेव्हां तिच्या रूपाची व पैशाची कीर्ति ऐकून दूरदूरचीं स्थळें येऊं लागलीं. चुलत्यास तिला लवकर उजवून मोकळें व्हावें असें वाटत होतें. तथापि तिच्या संमतीवांचून तिचें लग्न लावावयाचें नाहीं, असा त्यानें निश्चय केला होता. तो प्रत्येक स्थळाचे गुण तिच्यापुढें मांडी व निवड करावयास सांगे. आणि ती दर वेळीं, संसाराचा भार वाहण्यास मी अजून समर्थ नाहीं, असें उत्तर देई. पुढें एके दिवशीं तिनें मेंढपाळिणीचा वेष घेतला आणि गांवांतील इतर मुलींबरोबर ती रानांत आपलीं मेंढरें राखावयास जाऊं लागली. तेव्हां तिच्यावर लुब्ध झालेले तरुणही मेंढपाळांचे वेष घेऊन रानांत फिरूं लागले. त्यांत सालामान्का येथील विद्यापीठांत शिकून आलेला ग्रिसोस्तोमो नांवाचा एक धनिकपुत्र होता. त्यानें मागणी घातली; तिनें नकार दिला. तरीही तो तिच्या मागें लागून राहिला आणि शेवटीं झुरून मेला. जेथें तिला त्यानें प्रथम पाहिलें त्याच खडकाच्या पायथ्याशीं आपल्याला पुरावें, असें तो सांगून गेला. अंत्यविधीस जमलेली मंडळी मार्सेलेस निर्दय, कृतघ्न आणि मारेकरीण म्हणून दूषणें देत असतां ती स्वतः त्या खडकाच्या माथ्यावर येऊन उभी राहते आणि बोलूं लागते.

येथें आम्हांस महाभारतांतील शांतिपर्वाचें स्मरण होतें. मिथिलेच्या जनक राजाच्या सभेंत सुलभा नांवाची एक परिव्राजिका येते. योग्य पति न मिळाल्यामुळें अविवाहित राहून मोक्षधर्माचें आचरण करणारी ती विदुषी होती. तूं कोण, कोणाची, कोठून आलीस, असे प्रश्न राजा तिला रागानें विचारतो. उत्तर देण्यापूर्वीं ती आधीं चांगलें वाक्य कशास म्हणावें हें सांगते. सौक्ष्म्य, संख्या, क्रम, निर्णय आणि प्रयोजन हीं पांच अंगें ज्यांत आहेत तेंच बोलणें बोलणें होय, असें तिचें मत आहे. अपमान झाला असतांही आधीं भाषेचे नियम घालून मग उत्तर देणाऱ्या या स्त्रीचा आमच्या प्राचीन वाङ्मयांत मोठा मान असावयास पाहिजे होता. पण तिचें नांव आज फार थोड्या घरांत ऐकूं येतें. सुलभेनें दिलेली ही मोजपट्टी आपण मार्सेलेच्या भाषणास लावून पाहूं.

सौक्ष्म्य म्हणजे दोन जवळजवळच्या गोष्टींतील भेद दाखविणें. मार्सेला म्हणते कीं, जें सुंदर आहे तें प्रेमास पात्र होतें हें मला कळतें; परंतु ज्याच्यावर प्रेम केलें जातें त्यानें उलट प्रेम केलेंच पाहिजे, हें मला कळत नाहीं. पात्र असणें आणि ऋणी असणें या दोन गोष्टींची जी गांठ लोकांनीं मारून ठेवली होती, ती तिनें एका वाक्यांत सोडविली. संख्या म्हणजे गुणदोषांची मोजदाद. क्रौर्य, कृतघ्नता, फसवणूक आणि हत्या हे आपल्यावरील आरोप ती एकामागून एक घेते आणि म्हणते कीं, जिला मीं कधीं आशा दाखविली नाहीं, वचन दिलें नाहीं, फसविलें नाहीं, जवळ बोलाविलें नाहीं, अशा कोणीं मला हीं विशेषणें लावूं नयेत. क्रमही तिच्या भाषणांत चोख आहे: आधीं सामान्य सिद्धांत, मग दृष्टांत, मग स्वतःची हकीगत, आणि शेवटीं ग्रिसोस्तोमोची गोष्ट. दृष्टांतही नेमके आहेत. विष सर्पिणीनें मागून घेतलेलें नसतें, तसें रूप मीं मागून घेतलेलें नाहीं. आणि दूर असलेला अग्नि किंवा धारेची तलवार जवळ न जाणारास इजा करीत नाहीं. निर्णय तिनें असा सांगितला कीं, मी स्वतंत्र जन्मलें आणि स्वतंत्र राहतां यावें म्हणून मीं हें रान निवडलें. हा माझा निश्चय मीं ग्रिसोस्तोमोस याच जागीं, जेथें आज त्याची कबर खणली आहे तेथेंच, स्पष्ट सांगितला होता. आणि प्रयोजन असें कीं, यापुढें माझ्यासाठीं कोणी मेला तर तो मत्सरानें किंवा अवहेलनेनें मेला असें म्हणूं नये. कारण जी कोणावरच प्रेम करीत नाहीं ती कोणास मत्सराचें कारण देऊं शकत नाहीं.

या भाषणांत काय नाहीं, तेंही पाहण्यासारखें आहे. तींत मृताविषयीं तिरस्कार नाहीं, स्वतःविषयीं केविलवाणेपणा नाहीं, आणि क्षमायाचना तर मुळींच नाहीं. इतकें बोलून ती उत्तराची वाट न पाहतां दाट रानांत निघून जाते.

आतां पुढची मौज पाहावी. तिचें भाषण ऐकूनही कांहीं तरुण तिच्या मागें जावयास उठतात. तेव्हां डॉन क्विक्झोट तलवारीच्या मुठीवर हात ठेवून पुढें होतो आणि तिनें आपली बाजू पुरेपूर मांडली आहे, तिच्या मागें जाल तर माझ्या क्रोधास पात्र व्हाल, असें सर्वांस बजावतो. वाचकास वाटतें कीं, निदान एका माणसाला तिचें म्हणणें कळलें. पण थोड्याच वेळानें हे स्वारी तिला आपली सेवा अर्पण करण्याच्या हेतूनें स्वतःच त्या रानांत शिरते आणि दोन तासांहून अधिक वेळ तिला शोधीत हिंडते! ती सांपडत नाहीं, हें ग्रंथकाराचें आपणांवर उपकारच होत. इकडे ग्रिसोस्तोमोचा मित्र आंब्रोसियो कबरीच्या शिळेवर जो लेख कोरावयाचा ठरवितो, त्यांत मार्सेलेस कृतघ्न असेंच म्हटलेलें असतें. म्हणजे जिनें सर्वांदेखत आपलें म्हणणें पांचही अंगांनीं सिद्ध केलें, तिच्या नांवें दगडावर राहावयाचें तें जुनेंच विशेषण राहिलें. चांगली भाषा सांपडली म्हणजे नकार ऐकला जातोच असें नाहीं, हें सर्व्हान्टिसला पक्कें ठाऊक होतें. अल्जीअर्स येथें पांच वर्षें बंदिवासांत काढलेल्या त्या माणसास ‘स्वतंत्र’ या शब्दाचें वजन कोणी शिकवावयास नको होतें.

हें असें कां होतें? आमच्या मतें याचें उत्तर संस्कृत शास्त्रकारांनीं केलेल्या एका भेदांत सांपडतें. नञ्‌चे, म्हणजे निषेधार्थक नकाराचे, त्यांनीं दोन प्रकार मानले आहेत: पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध. पर्युदासांत नकार नामाशीं जोडलेला असतो आणि तो एकास वगळून दुसऱ्याकडे बोट दाखवितो. ‘अशुक्ल वस्त्र आण’ असें म्हटलें तर पांढरें सोडून दुसऱ्या रंगाचें वस्त्र आणावयाचें असतें. प्रसज्यप्रतिषेधांत नकार क्रियेशीं जोडलेला असतो. ‘वस्त्र आणूं नको’ म्हटलें कीं काम संपलें, दुसरें कांहीं सुचविलेलें नसतें. आतां आपल्या कथापुराणांतील नकार देणाऱ्या स्त्रिया आठवून पाहाव्या. अंबेनें आपला नकार भीष्मास सांगितला, तो शाल्व राजास मनानें वरलें आहे म्हणून. आणि भीष्मानें तो मानला. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेनें बेदरच्या बादशहाकडे जाण्याचें नाकारलें, तें विठोबाच्या पायांपाशीं देह ठेवून, असें परंपरा सांगते. हे दोन्ही नकार पर्युदासाचे आहेत: हा नव्हे, तो. स्त्री ‘हा नको’ म्हणाली तर ऐकणारा लगेच विचारतो, मग कोण? उत्तरादाखल दुसरा पुरुष किंवा देव दाखवितां आला तर नकार समजला जातो. मार्सेलेचा नकार केवळ प्रसज्यप्रतिषेधाचा आहे. तिच्या मागें दुसरा प्रियकर नाहीं, मठ नाहीं, व्रत नाहीं. असा नकार ऐकण्याची संवयच लोकांस नव्हती, म्हणून तो त्यांस कृतघ्नपणा वाटला.

पुरुषाच्या बाबतींत मात्र लोकांचे कान अधिक उदार असतात. जांबेच्या नारायणानें बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकला आणि तो मंडपांतून पळाला, ही समर्थांची परंपरागत कथा आपण घराघरांत मुलांस कौतुकानें सांगतों. मंडपांत ताटकळत राहिलेल्या वधूचें पुढें काय झालें, हा प्रश्न विचारण्याची आपणांस आठवणही होत नाहीं. समर्थांच्या थोरवीस यानें कांहीं उणेपणा येत नाहीं. पण तोच शब्द ऐकून एखादी मुलगी अंतरपाटाच्या पलीकडून निघून गेली असती तर आपण तिच्या सावधपणाची कथा सांगितली असती काय, याचें उत्तर प्रत्येकानें आपल्या मनाशीं द्यावें.

महाराष्ट्रांत अशी एक मुलगी निघाली. ती मंडपांतून निघून गेली नाहीं, कारण त्या वेळीं तिला मंडप म्हणजे काय हेंही नीटसें कळण्याचें वय नव्हतें. तिचें नांव रखमाबाई. जन्म १८६४ सालचा, मुंबईचा. वडील जनार्दन पांडुरंग हे ती लहान असतांनाच वारले. तिची आई जयंतीबाई हिनें पुढें डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं विवाह केला. हें कुटुंब सुतार ज्ञातीचें होतें आणि त्या ज्ञातींत विधवेच्या पुनर्विवाहास आडकाठी नव्हती. आम्हां ब्राह्मणांच्या घरांत त्या काळीं जयंतीबाईच्या कपाळीं काय आलें असतें, हें जाणत्या वाचकांस सांगणें नको. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा कागदावर होता, घरांत नव्हता. डॉ. सखाराम अर्जुन हे वैद्य तसेच वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८८३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या आठ संस्थापकांत जे दोन हिंदी गृहस्थ होते, त्यांपैकीं ते एक.

अकराव्या वर्षीं रखमाबाईचें लग्न दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें. ती माहेरींच राहिली, वाचीत राहिली, आणि सासरीं नांदावयास जाण्याची वेळ आली तेव्हां तिनें नकार दिला. १८८४ सालीं दादाजींनीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत, पत्नीनें आपल्या घरीं येऊन राहावें म्हणून फिर्याद लावली. न्यायमूर्ति पिन्ही यांनीं १८८५ च्या सप्टेंबरांत निकाल रखमाबाईसारखा दिला. अजाण वयांत लग्न लागलेल्या आणि पतीशीं कधींच न नांदलेल्या मुलीस तिच्या इच्छेविरुद्ध त्याच्या हवालीं करणें त्यांस मान्य नव्हतें; शिवाय हा उपाय मूळचा इंग्रजी कायद्यांतला, हिंदु धर्मशास्त्रांतला नव्हे, हेंही त्यांनीं दाखवून दिलें. दुसऱ्या वर्षीं अपिलांत तो निकाल फिरला. फिर्याद पुन्हां चालली. आणि १८८७ च्या मार्चांत न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला कीं, रखमाबाईनें पतीच्या घरीं जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जावें. तुरुंग पत्करीन पण जाणार नाहीं, असें रखमाबाईचें उत्तर होतें. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, खुद्द इंग्लंडांत अशा नकाराबद्दलची तुरुंगाची शिक्षा १८८४ सालींच, म्हणजे दादाजींची फिर्याद दाखल झाली त्याच वर्षीं, रद्द झाली होती.

या खटल्यानें त्या वेळचा महाराष्ट्र दुभंगला. लोकमान्यांच्या ‘केसरी’नें रखमाबाईच्या विरुद्ध बाजू घेतली, सुधारकांनीं तिच्या बचावासाठीं मंडळ उभारलें. स्वतः रखमाबाईनें ‘एक हिंदु स्त्री’ या नांवानें ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत १८८५ सालीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांविषयीं पत्रें लिहिलीं होतीं. न्यायालयांत कारणें द्यावींच लागतात, म्हणून तिच्या बाजूनें दादाजींची गरिबी, त्यांची प्रकृति वगैरे कारणें पुढें आलीं. परंतु त्या सर्वांच्या खालीं एकच गोष्ट होती: हें लग्न झालें तेव्हां मला कोणीं विचारलें नव्हतें, आणि आतां मी ‘नाहीं’ म्हणतें. तिच्या नकारामागें दुसरा पुरुष नव्हता. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर तो शुद्ध प्रसज्यप्रतिषेध होता, आणि त्याची किंमत सहा महिन्यांचा कारावास ठरली होती.

तुरुंगाची पाळी शेवटीं आली नाहीं. १८८८ सालीं दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं आपला हक्क सोडला. दुसऱ्या वर्षीं रखमाबाई विलायतेस गेली, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकून १८९४ सालीं डॉक्टर झाली, आणि परत येऊन सुरत व राजकोट येथें स्त्रियांच्या रुग्णालयांत तिनें अनेक वर्षें सेवा केली. १९५५ सालीं, नव्वद वर्षांची होऊन ती वारली. मार्सेलेची गोष्ट रानांत अदृश्य होऊन संपते. रखमाबाईची गोष्ट हजारों बाळंतिणींच्या खाटेशीं जाऊन पोंचते. ‘नाहीं’ या शब्दापुढें काय असतें, असें कोणी विचारील तर त्याचें हें एक उत्तर आहे.

कायद्याची चाल याहून मंद होती. बायकोनें नांदावयास न गेल्याबद्दलची तुरुंगाची शिक्षा आपल्याकडे १९२३ सालीं निघाली. रखमाबाईचें निधन झालें त्याच १९५५ सालच्या हिंदु विवाह कायद्यांत सहवासाच्या हक्काचें कलम नवव्या क्रमांकानें पुन्हां आलें. तें आतां पतिपत्नी दोघांसही सारखें लागूं होतें, आणि १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें वैध ठरविलें. मूळच्या इंग्लंडांत मात्र हा उपाय १९७० सालींच मोडीत निघाला होता. परक्याचा जुना अंगरखा आपण त्याच्यापेक्षां अधिक दिवस वापरतों, याचें हें एक उदाहरण म्हणावें लागेल.

मार्सेला आणि रखमाबाई यांच्या गोष्टी शेजारीं ठेवल्या म्हणजे दोघींचा नकार टिकला कशामुळें, हें स्पष्ट होतें. दोघींपाशीं स्वतःचें द्रव्य होतें. मार्सेला तर आपल्या भाषणांतच सांगते कीं, माझें मला पुरेसें आहे, दुसऱ्याचें मला नको. दोघींच्या घरांत जबरदस्ती न करणारें एक वडील माणूस होतें: तिकडे चुलता, इकडे सावत्र वडील. आणि दोघींना उभें राहून बोलण्यास जागा होती: एकीस खडकाचा माथा, दुसरीस वर्तमानपत्राचा रकाना. भाषा चौथी येते. या तीन गोष्टी नसतील तर सुलभेचीं पांचही अंगें साधलेलें वाक्य घशांतच राहतें. ज्या असंख्य मुलींपाशीं या तिन्हींपैकीं एकही नव्हती, त्यांचे नकार कोणत्याही ग्रंथांत किंवा निकालपत्रांत लिहिलेले नाहींत.

आज आपल्या घरांतील मुली शिकतात, मिळवितात. पहिली गोष्ट त्यांस बरीचशी मिळाली आहे. दुसरी व तिसरी देणें हें एकत्र कुटुंबांतील वडील मंडळींच्या हातीं आहे. आमच्या चेंबुरांतल्या एका घरची गोष्ट सांगतों. नांवाची जरूर नाहीं. मुलगी मिळवती, स्थळ उत्तम, पत्रिका छत्तीसांतल्या अठ्ठावीस गुणांनीं जुळलेली, दोन बैठकी झालेल्या. मुलगी म्हणाली, “आजी, मला हें स्थळ नको.” आजीनें विचारलें, “अगं, पण त्यांत खोट काय आहे?” मुलगी म्हणाली, “खोट कांहीं नाहीं. मला नको आहे, एवढेंच.” घरांत आठ दिवस मोठी चर्चा झाली. काकांचें म्हणणें, कारण तरी सांग; आत्याबाईंस संशय, दुसरें कोणी मनांत असेल. नवव्या दिवशीं आजीनें सर्वांस बसवून सांगितलें, “पोरीनें नको म्हटलें आहे. तिला आतां पुन्हां कोणी विचारूं नका, आणि त्या लोकांना पत्रिकेचें निमित्त कळवूं नका; पत्रिका जुळली आहे हें त्यांनाही ठाऊक आहे.” आजी मराठी चौथी शिकलेली होती, पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध यांचा भेद तिला कोणी शिकविला नव्हता. पण आत्याबाईंनीं पर्युदास शोधला आणि आजीनें प्रसज्यप्रतिषेध ओळखला, हें आमच्यासारख्या शाळामास्तरास मान्य केलेंच पाहिजे.

तेव्हां वाचकहो, यांतून घेण्यासारखें तें थोडक्यांत असें. मुलीस किंवा मुलास विचारावयाचें तर पाहुण्यांसमोर, किंवा कार्यालय ठरवून झाल्यावर विचारूं नये. ज्या प्रश्नास ‘नको’ असें उत्तर देण्याची सोय नाहीं, तो प्रश्नच नव्हे. उत्तर ‘नको’ आलें तर कारण एकदां विचारावें. तें मिळालें नाहीं तरी नकार पुराच समजावा. ‘अजून विचार करून सांग’ हें वाक्य तिसऱ्यांदा उच्चारलें कीं तो विचार राहत नाहीं, वेढा होतो. मौन असेल तर त्यास संमति न मानतां मौनच मानावें आणि एकांतांत पुन्हां एकदां विचारावें. मुलग्यांचेंही असेंच, त्यांचे नकारही आम्हीं हुंड्याच्या व मानपानाच्या दिवसांत पुष्कळ दडपले आहेत.

आणि समोरच्या घरास कळवावयाचें तर तें सरळ पण सौम्य शब्दांत कळवितां येतें. “आपल्या घराविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु आमच्या मुलीची या संबंधास इच्छा नाहीं, म्हणून पुढें जाणें योग्य नाहीं. आपल्या चिरंजीवांस उत्तम स्थळ मिळो, ही सदिच्छा.” एवढीं तीन वाक्यें पुरतात. यांत कोणाचा अपमान नाहीं, ग्रहांवर आळ नाहीं, आणि मुख्य म्हणजे ज्या व्यक्तीनें ‘नको’ म्हटलें ती व्यक्ति वाक्यांतून गाळलेली नाहीं. असें पत्र आपल्या घरीं आलें तर तें दोनदां वाचूं नये. घडी घालून ठेवावें आणि त्या मुलीस मनांतल्या मनांत आशीर्वाद द्यावा.